तीन आठवड्यांत तपकिरी पडणारी आयपीए : पॉडकास्टवरच्या पाहुण्यांचं अर्धं वाक्य आणि उरलेलं अर्धं

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. घरी हेझी आयपीए (हॉप्सच्या वासाची, मुद्दाम धूसर ठेवलेली बिअर) केली, केगमध्ये (दाब झेलणाऱ्या धातूच्या पिंपात) भरली, पहिल्या आठवड्यात रंग आंब्याच्या रसासारखा, वास संत्र्या-पपईचा, मित्रमंडळी खूश. दुसऱ्या आठवड्यात वास उतरला. तिसऱ्या आठवड्यात रंग गढूळ चहाकडे झुकला, आणि चवीत हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) जागी मधासारखा, शेरीसारखा एक चिकट गोडवा आला. पुढच्या खेपेला हॉप्स वाढवले, यीस्ट बदललं, पाण्यात क्लोराइड वाढवलं. तरी तेच.

असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा अभ्यासू असतो, ही त्यातली गंमत. त्यानं गाडी चालवताना बिअर करण्यावरचे शेकडो तास पॉडकास्ट ऐकलेले असतात. कोणत्या पाहुण्यानं काय सांगितलं हे त्याला पाठ असतं. आणि त्याच्या पद्धतीतली जी पायरी बिअर बिघडवते, तीही बरेचदा एखाद्या थोर पाहुण्याचं नाव घेऊनच तिथे आलेली असते. पाहुणा चुकीचं बोललेला नसतो. त्याच्या बोलण्याचा उत्तरार्ध ऐकणाऱ्याच्या हातून निसटलेला असतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. पुढचं सगळं अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी राहणाऱ्या, जिथे स्वतःपुरती बिअर करायला मुभा आहे, अशा मराठी मंडळींसाठी. अमेरिकेत ही मुभा १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यातून आली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर.

आधी रोग तोच आहे ना, ते बघा

तपकिरी पडणं, हॉप्सचा वास जाणं आणि मधासारखा गोडवा येणं ही तिन्ही एकत्र असतील तर गुन्हेगार ऑक्सिजन आहे, असं धरून चाला. ओल्या पुठ्ठ्याची चव हे ऑक्सिडेशनचं पुस्तकी लक्षण. ती ट्रान्स-२-नोनेनाल नावाच्या रेणूची चव, आणि अब्जात ०.१ भाग इतक्या अल्प प्रमाणातही ती जिभेला कळते. पण हेझी आयपीएमध्ये पुठ्ठ्यापर्यंत गोष्ट पोचायच्या आधीच हॉप्स मेलेले असतात. म्हणून 'पुठ्ठा लागत नाही, म्हणजे ऑक्सिडेशन नाही' हा निष्कर्ष काढू नका.

लोण्याचा वास आणि जिभेवर तेलकटपणा असेल तर ते डायअसिटिल. त्याच्याकडे खाली येतो. आंबटपणा वाढत असेल तर संसर्ग. उन्हात ठेवलेल्या बाटलीला स्कंक या प्राण्यासारखा दर्प येतो तो प्रकाशामुळे. त्याचा या दुखण्याशी संबंध नाही.

खात्री करायची सोपी चाचणी अशी. भरण्याच्या दिवशी एक ग्लास काढा, पांढऱ्या कागदासमोर ठेवून फोटो घ्या. त्याच बिअरच्या चार बाटल्या भरा : दोन अगदी काठोकाठ, दोन मान रिकामी ठेवून. प्रत्येक जोडीतली एक फ्रिजमध्ये, एक घरातल्या उबदार कोपऱ्यात. दोन आठवड्यांनी चारही त्याच ग्लासात, त्याच कागदासमोर. मान रिकामी ठेवलेल्या बाटल्या स्पष्ट काळवंडल्या आणि काठोकाठवाल्या बऱ्या राहिल्या, तर हवा भरताना शिरते आहे. चारही सारख्याच मळकट झाल्या, तर बिअर फर्मेंटरमध्येच, म्हणजे आंबवायच्या भांड्यातच, हवा खाऊन आली आहे. आणि भरायच्या दिवशीचाच फोटो मळकट असेल, तर केग आणि बाटल्या सध्या विसरा, ड्राय हॉपिंगकडे, म्हणजे थंड बिअरमध्ये वासासाठी हॉप्स टाकण्याकडे, जा.

चार्ली बॅमफर्थ : गरम बाजू सोडा म्हणाले, थंड बाजू नव्हे

२००५च्या सुमारास घरी बिअर करणाऱ्यांच्या कानात दोन नवे आवाज आले. जेम्स स्पेन्सर यांचं बेसिक ब्रुइंग रेडिओ आणि जस्टिन क्रॉसली यांचं ब्रुइंग नेटवर्क. तोवर एखाद्या शहरातल्या क्लबात जे जुनेजाणते सांगतील तेच शास्त्र होतं. आता प्राध्यापक आणि मोठ्या ब्रुअरीचे ब्रुअर थेट कानाशी बोलायला लागले. त्यातले सर्वांत वजनदार पाहुणे बहुधा चार्ली बॅमफर्थ. मूळचे इंग्लंडचे, बास कंपनीत काम केलेले, १९९९पासून जवळपास वीस वर्षं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत बिअरचे प्राध्यापक होते. फेसावरच्या कामामुळे त्यांना गमतीनं फेसाचे पोप म्हणतात.

त्या काळात सगळ्यांना धसका होता तो उष्ण टप्प्यावरच्या हवेचा. मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं धान्य) ढवळताना पाणी उडालं, गरम वर्ट (त्यातून निघालेला, अजून न आंबलेला गोड रस) ओतताना फेसाळलं, की बिअर महिन्याभरात शिळी होणार, ही भीती १९९०च्या दशकातल्या लिखाणातून, विशेषतः जॉर्ज फिक्स यांच्या मांडणीतून, घराघरात पोचली होती. लोक मॅश करताना अक्षरशः श्वास रोखून पळी फिरवत. बॅमफर्थ यांनी पॉडकास्टवर येऊन ही भीती बाजूला ठेवायला सांगितलं. त्यांचा सूर असा, की घरी करणाऱ्यानं आधी यीस्ट धडधाकट ठेवावं, आणि आंबून झालेल्या बिअरमध्ये भरताना जो ऑक्सिजन जातो त्याचा बंदोबस्त करावा. मॅशमधल्या शिंतोड्यांचा विचार या यादीत फार खाली.

लोकांच्या लक्षात राहिलं ते 'हवेची काळजी नको' एवढंच. मग सायफनची नळी केगच्या तोंडाशी धरून बिअर खळाळत ओतणारे लोक तयार झाले, आणि हटकलं तर बॅमफर्थ यांचं नाव घ्यायला लागले. त्यांचा सगळा भर भरण्याच्या क्षणावर होता आणि नेमका तोच गळाला.

हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, हेही सांगायला हवं. २०१६च्या आसपास जर्मन पद्धतीच्या लागरमागे (थंडाव्यात आंबवलेल्या बिअरमागे) लागलेल्या काही घरगुती ब्रुअरांनी मॅशपासून ऑक्सिजन दूर ठेवायचा आग्रह पुन्हा धरला, आणि हेलेससारख्या नाजूक बिअरमध्ये त्यांच्या म्हणण्याला वजन आहे असं मला वाटतं. पण तुमची आयपीए तिसऱ्या आठवड्यात तपकिरी पडते आहे. घरात नळ फुटलेला असताना भिंतीची ओल मोजत बसू नका.

एक अपवाद कायमचा : थंड केलेल्या वर्टमध्ये यीस्ट टाकताना ऑक्सिजन हवाच, साधारण ८ ते १० पीपीएम (दशलक्षात भाग). यीस्टला पेशीचं आवरण बांधायला तो लागतो आणि काही तासांत ते तो फस्त करतं. आंबायला सुरुवात झाली की दार बंद.

जॉन पामर आणि दुसऱ्या भांड्याचं भूत

जॉन पामर यांचं 'हाउ टू ब्रू' २०००च्या सुमारास इंटरनेटवर फुकट वाचायला मिळालं आणि एका अख्ख्या पिढीनं बिअर त्यावरून शिकली. त्या आवृत्तीत मुख्य आंबवण संपल्यावर बिअर दुसऱ्या भांड्यात काढायचा सल्ला होता. कारण असं, की तळाशी बसलेलं मेलेलं यीस्ट फुटलं तर बिअरला मांसाच्या रश्शासारखी चव येईल.

पुढे पामर यांनीच हे मागे घेतलं. जमिल झैनाशेफ यांच्याबरोबरच्या 'ब्रू स्ट्राँग' या कार्यक्रमात आणि पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत त्यांनी सांगितलं, की साध्या एलसाठी (आयपीए ज्यात मोडते त्या प्रकारच्या बिअरसाठी) दुसरं भांडं लागत नाही. जुनी भीती मोठ्या ब्रुअरीच्या उंच टाक्यांमधून आली होती. तिथे निमुळत्या तळाशी यीस्टचा जाड थर बसतो, वर कित्येक मीटर बिअरचा दाब असतो आणि थराच्या मध्यभागी उष्णता साचते. तुमच्या वीस लिटरच्या बादलीत यातलं काहीच नाही. ताजं, पुरेसं यीस्ट तीन-चार आठवडे तळाशी पडून राहिलं तरी काही बिघडत नाही.

मला पामर यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठीच. स्वतःचं छापील वाक्य सगळ्यांसमोर बदलणारे तज्ज्ञ फार नाहीत. अडचण अशी, की २०००चं पान अजून वाचलं जातं आणि नंतरचं बोलणं कुठल्याशा तासाभराच्या भागात दडलेलं आहे. त्यामुळे आजही आयपीए दुसऱ्या कारबॉयमध्ये (मोठ्या बरणीत) काढून, वर दोन-तीन लिटर हवा सोडून, आठवडाभर 'निवळायला' ठेवणारे भेटतात. हेझी बिअर निवळायला! तुमच्या पद्धतीत ही पायरी असेल तर आधी ती काढा. बाकी काहीही न बदलता निम्म्या लोकांचं दुखणं इथेच कमी होतं.

विनी सिलुर्झो यांच्या टाकीतला गॅस

रशियन रिव्हर ब्रुअरीचे विनी सिलुर्झो हे डबल आयपीएच्या, म्हणजे जास्त कडक आणि जास्त हॉप्सच्या आयपीएच्या, जनकांपैकी एक. १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या ब्लाइंड पिगमध्ये त्यांनी ती पहिल्यांदा केली, आणि त्यांची प्लायनी द एल्डर ही डबल आयपीए तर दंतकथाच झाली. हा माणूस पॉडकास्टवर येऊन पाककृती मोकळेपणानं सांगतो, हातचं राखत नाही. दोन टप्प्यांत ड्राय हॉपिंग करायची रीत घरोघरी रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

पण त्यांच्याकडे हॉप्स पडतात ते दाबाखालच्या, कार्बन डायऑक्साइडनं भरलेल्या बंद टाकीत. घरी आपण झाकण उघडतो, पिशवी टाकतो, वास घेतो, जोडीदाराला बोलावून वास देतो, झाकण लावतो. तीन दिवसांनी पुन्हा. तोवर आंबवण संपलेली असते, म्हणजे आत शिरलेली हवा बाहेर ढकलायला नवा गॅस तयार होत नाही आणि ऑक्सिजन खाऊन टाकायला यीस्ट जागं नसतं. हॉप्सच्या गोळ्यांच्या भेगांमधून येणारी हवा वेगळीच. प्लायनीच्या बाटलीवर ती थंड ठेवा, ताजी प्या, मुरवत ठेवू नका असं बजावलेलं असतं. इतकी काळजी घेऊन भरलेल्या बिअरवर ही सूचना आहे, तर बादलीतल्या बिअरचं काय?

'भारी गॅस खाली बसतो, त्याचं पांघरूण असतं' या समजुतीवर विसंबू नका. झाकण उघडलं की वायू मिसळतात. पांघरूण वगैरे काही राहत नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही चालतात. पहिला : हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता, म्हणजे उरलेली साखर दाखवणाऱ्या साधनावर) शेवटचे तीन-चार अंक उरलेले असताना, म्हणजे यीस्ट जागं असतानाच, सगळे हॉप्स एकदाच टाका. आत गेलेला बराच ऑक्सिजन यीस्ट उचलतं आणि उरलेली हवा नवा गॅस बाहेर काढतो. दुसरा : फर्मेंटर दाब झेलणारा असेल तर झाकण उघडताना गॅसच्या पोस्टमधून (गॅस आत सोडायच्या तोंडातून) हलका प्रवाह चालू ठेवा आणि झाकण लावल्यावर दाब भरून-सोडून वरची जागा धुऊन घ्या. काचेच्या कारबॉयवर किंवा साध्या बादलीवर दाब कधीही देऊ नका. काच फुटते आणि माणूस दवाखान्यात जातो.

हॉप्स किती आणि किती दिवस, हे ओरेगॉन स्टेट विद्यापीठाचे टॉम शेलहॅमर यांच्याकडून ऐकावं. त्यांच्या प्रयोगशाळेतून २०१८ साली आलेल्या अभ्यासात कॅस्केड हॉप्सचं प्रमाण लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे नेल्यावर वास त्या मानानं वाढला नाही. उलट तो चहा-पाल्याकडे झुकायला लागला. म्हणजे वीस लिटरला १६० ग्रॅम. याच्या दुप्पट टाकणारे मला माहीत आहेत, आणि त्यांची बिअर लवकर तपकिरी पडते, कारण हॉप्सबरोबर पॉलिफेनॉल आणि मँगनीज येतं आणि मँगनीज ऑक्सिडेशनला हातभार लावतं. स्कॉट जॅनिश यांनी मँगनीजचा मुद्दा घरी बिअर करणाऱ्यांपर्यंत बराच पोचवला. ते आधी घरीच बिअर करायचे, मग मायकेल टॉन्समायर यांच्याबरोबर मेरीलँडमध्ये सॅपवुड सेलर्स काढली. हॉप्समधली सुगंधी तेलं बिअरमध्ये उतरायला दोन-तीन दिवस पुरतात. आठवडाभर ठेवायचं कारण नाही.

थंड करताना फर्मेंटर श्वास आत घेतो

हे कुणा पाहुण्याचं नाव लावून आलेलं नाही, म्हणूनच कदाचित सुटतं. २० अंशांवरची बिअर २ अंशांवर नेली की वरचा गॅस आकसतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे थंड बिअर जास्त कार्बन डायऑक्साइड पिते. ही पोकळी भरायला एअरलॉकमधून (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या पाणी भरलेल्या नळीतून) बाहेरची हवा आत येते. एक-दोन दिवसांत काही लिटर सहज. एअरलॉकमधलं पाणी बिअरमध्ये गेलेलं दिसलं तर हेच घडलं आहे. आंबवण चालू असतानाच एअरलॉकच्या जागी गॅस साठवणारा धातूच्या पापुद्र्याचा फुगा जोडून ठेवा, म्हणजे थंड करताना तोच गॅस परत आत जाईल. ते जमत नसेल तर हेझी आयपीए थंड करून बसवायचीच नाही. थोडा गाळ केगमध्ये आला तर पहिला ग्लास टाकून द्या.

केग : आकडे बघितले की झोप उडते

मोठ्या ब्रुअरी भरलेल्या बिअरमध्ये एकूण ऑक्सिजन ५० पीपीबीच्या आत ठेवायला धडपडतात. पीपीबी, म्हणजे अब्जात भाग. आता आपल्या १९ लिटरच्या केगमध्ये १८ लिटर बिअर भरली आणि वर एक लिटर साधी हवा राहिली असं धरा. एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तो सगळा बिअरमध्ये उतरला तर साडेपंधरा पीपीएम, म्हणजे १५,५०० पीपीबी. ब्रुअरीच्या मर्यादेच्या तीनशे पट, आणि तीही फक्त वरच्या जागेतली हवा. ओतताना आत गेलेली मोजलेलीच नाही.

'मी पर्ज करतो की', म्हणजे गॅसनं हवा हाकलतो की, हे उत्तर येतं. कसं, ते विचारलं पाहिजे. गॅसचा रेग्युलेटर १० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) ठेवून पाच वेळा दाब भरला आणि सोडला, तर दर खेपेला ऑक्सिजन साठ टक्क्यांवर येतो. पाच खेपांनंतरही वरच्या जागेतून एक पीपीएमहून जास्त शिल्लक. तोच ३० पीएसआयवर केला तर दर खेपेला एक तृतीयांश उरतो : तीन खेपांत साधारण ५५० पीपीबी, पाच खेपांत ६०, सात खेपांत सहा-सात. गॅस थोडा जास्त जातो, पण हॉप्सच्या किमतीपुढे तो काहीच नाही. केगच्या बाजूवर लिहिलेली दाबाची मर्यादा मात्र आधी वाचा.

यातला सापळा असा, की हे भरून झाल्यानंतरचं पर्जिंग आहे. रिकाम्या केगमध्ये १९ लिटर हवा असते आणि बिअर तिच्यातून खाली पडते. त्यामुळे केगमधली हवा भरण्याआधीच काढून टाकायला हवी. सगळ्यात भरवशाची पद्धत : केग जंतुनाशकाच्या पाण्यानं अगदी तोंडापर्यंत भरा, झाकण लावा, गॅसच्या पोस्टमधून राहिलेली हवा पाण्यानंच बाहेर काढा, मग कार्बन डायऑक्साइडनं सगळं पाणी द्रवाच्या पोस्टमधून (तळापर्यंत नळी गेलेल्या दुसऱ्या तोंडातून) ढकलून द्या. आता आत फक्त गॅस. बिअर त्याच द्रवाच्या पोस्टमधून, बंद नळीनं, तळापासून वर भरा. झाकण पुन्हा उघडायचं नाही, 'जरा बघू किती भरलं' म्हणूनही नाही. किती भरलं ते केग वजनकाट्यावर ठेवून कळतं.

गॅसची बाटली संपण्याची चिंता असेल तर फुकटचा गॅस घरातच आहे. १.०५० घनतेच्या वीस लिटर वर्टमधून आंबताना साधारण ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि आपण तो एअरलॉकमधून खोलीत सोडून देतो. फर्मेंटरची नळी केगच्या द्रवाच्या पोस्टला आणि गॅसच्या पोस्टमधून दुसरी नळी पाण्याच्या भांड्यात. आंबवण संपेपर्यंत केगमधली हवा वीस वेळा बदललेली असते. फेस नळीत चढू नये म्हणून वर पुरेशी जागा सोडा. नळी तुंबली तर फर्मेंटरमध्ये दाब साठतो.

बाटल्यांवाल्यांसाठी

केग नाही म्हणून हेझी आयपीए जमणारच नाही असं काहींचं ठाम मत असतं. मला ते पटत नाही. ३५५ मिलिलिटरच्या बाटलीत २० मिलिलिटर हवा राहिली तर जवळपास १६ पीपीएम ऑक्सिजन होतो. १० मिलिलिटर राहिली तर निम्मा. भरायची कांडी बाहेर काढली की तिच्याएवढी पातळी खाली उतरते, तेवढी बिअर वरून हळूच भरून घ्या. भरताना थोडी बिअर सांडली तरी चालेल. प्राइमिंगची (बाटलीत गॅस तयार होण्यासाठी घालायची) साखर वेगळ्या बादलीत बिअर ओतून मिसळण्यापेक्षा बाटलीतच मोजून टाका, म्हणजे एक उघडं ओतणं वाचतं. साखरेवर पुन्हा जागं होणारं यीस्ट थोडा ऑक्सिजन उचलतं, पण सगळा नाही.

सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरणारेही आहेत. १९ लिटरला ०.३ ग्रॅम पोटॅशियमचं टाकलं तर साधारण ९ पीपीएम सल्फर डायऑक्साइड मिळतो. मदत होते. पण सल्फाइट सोसत नाही असा माणूस घरात किंवा मित्रांत असेल तर नको, आणि ढिसाळ भरण्याला तो पर्याय नाही.

दोन पाहुणे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात तेव्हा

यीस्ट जागं असताना हॉप्स टाका, असं मी वर म्हटलं. शेलहॅमर यांच्याच प्रयोगशाळेतून आलेली दुसरी गोष्ट ऐकलीत तर गोंधळाल. हॉप्समध्ये एन्झाइम असतात. ते बिअरमधल्या न आंबणाऱ्या डेक्स्ट्रिनचे (साखरेच्या लांब साखळ्यांचे) तुकडे करतात, आणि यीस्टला पुन्हा साखर मिळते. याला हॉप क्रीप म्हणतात. आंबवण पुन्हा चालू झाली की डायअसिटिलही पुन्हा तयार होतं. म्हणून बरेच व्यावसायिक ब्रुअर आधी बिअर १४ अंशांच्या आसपास आणून, यीस्ट तळातून काढून, मग हॉप्स टाकतात.

मग कुणाचं ऐकायचं? तुमच्या भांड्याचं. तळातून यीस्ट काढता येत असेल आणि झाकण न उघडता हॉप्स टाकता येत असतील, तर थंड पद्धत उत्तम. बादली असेल तर ऑक्सिजन हा मोठा शत्रू आणि लोणी हा छोटा, म्हणून हॉप्स यीस्टबरोबरच टाका आणि नंतर लोणी जाईपर्यंत थांबा. ते गेलं का हे असं बघा : दोन छोटे नमुने झाकणबंद डब्यांत घ्या, एक ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, दोन्ही गार करून वास घ्या. तापवलेल्यात लोणी आलं तर बिअर अजून भरू नका. बाटल्या भरणाऱ्यांनी तर हायड्रोमीटर सलग काही दिवस हललेला नाही हे बघितल्याशिवाय हात लावू नये. हॉप क्रीप बाटलीत झालं तर बाटली फुटते.

मार्शल शॉट यांचे प्रयोग आणि 'काही फरक नाही'

ब्रुलोसॉफी या घरगुती प्रयोगांच्या संकेतस्थळाचे मार्शल शॉट आधी इतरांच्या कार्यक्रमांत पाहुणे म्हणून आले, मग त्यांचाच पॉडकास्ट झाला. त्यांची रीत अशी : एकाच गोष्टीत फरक असलेल्या दोन बिअर करायच्या आणि चाखणाऱ्याला तीन पेले द्यायचे, त्यात दोन सारखे. वेगळा ओळखा. न चाखता अंदाजानं सांगितलं तरी तिघांत एक बरोबर येणारच, म्हणून २० जणांपैकी निदान ११ जणांनी ओळखलं तरच फरक धरायचा.

या प्रयोगांनी खूप अंधश्रद्धा उडवल्या आणि ते चांगलंच झालं. पण २० पैकी १० जणांनी ओळखलं तर निकाल 'सिद्ध झालं नाही' असा लागतो, आणि ऐकणारा त्याचं 'फरक पडत नाही' करून टाकतो. योगायोगानं सहा-सात अपेक्षित असताना दहा जणांनी ओळखलं, तर मी त्या पायरीकडे जरा संशयानं बघेन. दुसरं, ऑक्सिडेशनला वेळ लागतो. दहाव्या दिवशी चाखलेली बिअर तिसाव्या दिवशीबद्दल काही सांगत नाही. तुमचा प्रश्न तिसाव्या दिवसाचा आहे. तेव्हा तुमच्या घरात तीन पेल्यांची चाचणी करायचीच असेल तर महिना उलटल्यावर करा, आणि पेले अपारदर्शक घ्या, नाहीतर रंगच उत्तर सांगेल.

एवढं करूनही तपकिरी पडत असेल तर

आधी तापमान. बिअर उद्योगात ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे : सुमारे ३२ अंशांवर तीन दिवस, २२ अंशांवर तीस दिवस आणि ३ अंशांवर तीनशे दिवस बिअरला सारखंच म्हातारं करतात. हेझी आयपीएचं आयुष्य यापेक्षा कमी, पण प्रमाण तेच. भरल्यापासून थंड, आणि मित्राकडे नेतानाही बर्फात.

मग गळती. गॅसच्या पोस्टवर आणि झाकणाच्या रबरावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. झाकण ३० पीएसआयचा झटका देऊन नीट बसवा. बिअरच्या नळ्या साध्या सिलिकॉनच्या असतील तर बदला, सिलिकॉनमधून ऑक्सिजन सहज झिरपतो. पिकनिक टॅपला (हातात धरायच्या साध्या तोटीला) जोडलेली लांब नळी बाहेर उबदार हवेत लोंबकळत असेल, तर दिवसाचा पहिला ग्लास नेहमी वाईट लागेल आणि दुसरा ठीक. असं होत असेल तर बिअरला दोष नाही, नळी आखूड करा आणि फ्रिजच्या आत ठेवा.

शेवटी पाणी. विहिरीचं पाणी वापरत असाल तर लोह आणि मँगनीज तपासून घ्या. ते जास्त निघालं तर एक खेप आरओच्या पाण्यात लागतील तेवढे क्षार घालून करा, बाकी सगळं तसंच ठेवून. मँगनीज कमी करायला ओट्स आणि गव्हाचे पोहे निम्म्यावर आणायचे असतील तर ते पुढच्या खेपेला. दोन्ही एकाच वेळी बदललंत तर बिअर सुधारेल, पण कशानं सुधारली ते कळणार नाही.